भिंतीकडची फांदी

बारकीच्या आई-बाबांकडचं ख्रिसमसचं झाड तिच्याहून वयानं मोठं होतं. प्लॅस्टिकच्या पानांचं, लोखंडी खोडाचं. वर्षभर माळ्यावर पडून असायचं. खोक्याला इतक्या वेळा चिकटपट्टी लागली होती की पुठ्ठा कमी नि पट्टीच जास्त. खोडाला भोकं होती, एकेका भोकात एकेक फांदी खोचायची. घरातल्या प्रत्येकाची एक फांदी ठरलेली, ओळखू यावी म्हणून तिला दोरा बांधलेला. बाबांचा निळा, आईचा लाल, बारकीचा पिवळा. आपली फांदी आपणच लावायची. बाबा गेल्यापासून त्यांची फांदी आई लावायची, तेवढाच काय तो अपवाद.

झाडाला एका बाजूनं एक फांदी कमी होती. ती बोडकी बाजू दरवर्षी भिंतीकडे करायची. लहानपणी बारकीनं कारण विचारलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "दुकानातूनच तसं आलंय." विषय संपला. तशी बारकी फार खोलात जाणाऱ्यातली नव्हतीच. घरात एकुलती एक असून आपल्याला बारकी का म्हणतात, कोणापेक्षा बारकी, हेही तिनं कधी विचारलं नव्हतं.

बारकी दातांच्या कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून तोंडाचे साचे यायचे, ती त्यावर दात बसवून द्यायची. रिकामी जागा दिसली की तिचे हात शिवशिवायचे. या वर्षी आई घर सोडून तिच्याकडे राहायला येणार होती. बाबांमागे दोघींना दोघीच. आईला बारकी आणि बारकीला आई, तिसरं हक्काचं माणूस नाही. जुन्या घरातला हा शेवटचा ख्रिसमस, निदान यंदा तरी झाड भरलेलं दिसू दे, असं तिच्या मनानं घेतलं. माप घ्यायला तिनं खोड कामावर नेलं, भिंगातून भोक पाहिलं आणि जरा थबकली. दात आलाच नाही ती हिरडी वेगळी आणि दात काढलेली हिरडी वेगळी, हे तिला झोपेतही कळलं असतं. हे भोक आतून झिजून गुळगुळीत झालं होतं. शेजारच्या भोकांसारखंच.

'म्हणजे होती की फांदी! हरवली असेल कुठंतरी,' ती स्वतःशीच म्हणाली आणि कामाला लागली. तार पिळली, हिरव्या पट्ट्या कातरल्या, दातांचा रंग जुळवतात तसा जुन्या पानांचा विटका रंग जुळवला. दोरा तेवढा बांधला नाही. कोणाचा बांधणार?

रविवारी दुपारी मायलेकींनी झाड उभं केलं. दोघींनी आपापल्या फांद्या लावल्या, मग बारकीनं पिशवीतून नवी काढून खटकन बसवली. चपखल बसली.

आईचा चेहरा उतरला. "काढ ते."

"अगं, किती मेहनत घेतलीय मी! नाकी नऊ आले त्या पट्ट्या कातरताना."

"तुझ्या बाबांनी ती बाजू भिंतीकडे ठेवली, ती काही उगाच नाही."

"का ठेवली मग?"

"मला तरी कुठं सांगितलं त्यांनी," आई म्हणाली. तिचा हात मात्र त्या फांदीकडे गेला. एकेक पान ती सरळ करत बसली, लहान मुलाचे केस सारखे करावेत तशी.

"राहू दे मग?" बारकीनं विचारलं.

"राहू दे," आई म्हणाली.

संध्याकाळी आईनं चहाचे तीन कप भरले. "सवयीनं हात गेला," म्हणून हसली. बारकीही हसली. पण बाबा बिनसाखरेचा प्यायचे आणि आईनं त्या तिसऱ्या कपात तीन चमचे साखर घातलेली तिनं पाहिली होती. कप उचलायला गेली तर तो रिकामा होता. आईनंच प्यायला असेल, असं तिनं ठरवून टाकलं.

सोमवारी दुपारी तिनं कामावरून फोन केला. "नंतर कर," आई घाईत म्हणाली. "आम्ही जेवायला बसलोय."

"आम्ही म्हणजे कोण गं?"

फोन ठेवला गेला होता. ठेवता ठेवता आईच्या मागे कोणीतरी पाणी मागितल्यासारखं बारकीला वाटलं. आवाज पुरुषाचा होता. हातातलं काम तसंच टाकून ती निघाली.

तिची किल्ली कुलपात फिरेना. तिनं बेल वाजवली. आईनं दार उघडलं आणि ओळख नसलेल्या बाईकडे बघावं तसं हसून बघितलं.

"कोण हवंय?"

"आई, थट्टा पुरे हं."

"दमलेल्या दिसताय. आत या, पाणी देते."

घरात सगळं जागच्या जागी होतं. भिंतीवर बाबांचा फोटो होता. शेजारी शाळेच्या गणवेशात बारकी असायची, तिथं गणवेशातला एक मुलगा होता. त्याचे कान अगदी बाबांसारखे.

"आई, मी बारकी!" तिला रडूच फुटलं.

"बारकी?" आईनं आठवून पाहिलं, अगदी मनापासून. "नाही हो, आमच्याकडे बारकी कोणी नाही. एकच मुलगा आमचा. थोरला म्हणतो त्याला, आपलं सवयीनं."

आतल्या खोलीतून आवाज आला, "कोण आहे गं आई?"

"कोणी नाही रे," आई म्हणाली.

बारकी झाडाकडे धावली. तिनं घडवलेली फांदी धरून ओढली. ती हलेना. पानं इतरांइतकीच जुनी, धुरकट झाली होती. तिच्या मुळाशी हिरवा दोरा होता, वर्षानुवर्षं हाताळून काळा पडलेला.

"अहो, हात नका लावू. थोरल्याची आहे ती."

बारकीनं पिवळा दोरा शोधला. वर, खाली, मागे.

तिच्या फांदीच्या जागी भोक होतं. तिनं त्यात बोट घातलं. आतून गुळगुळीत.

आई हलकेच पुढं आली. तिनं झाड फिरवून ती बाजू भिंतीकडे केली आणि पाहुणीला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून हसली.

"दुकानातूनच तसं आलंय," ती म्हणाली.