आवाज दोनदा येतोय

जरा कल्पना करून बघा. तुमच्या हातात फोन आहे, चार्जिंग पूर्ण आहे, बॅलन्सही आहे. पण त्या फोनवरून कुणाशी बोलायचं, तर आधी डोंगरातली खिंड ओलांडून अर्धा तास चालायचं. तेही पावसात, एका हातात छत्री आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. जमतेय कल्पना? तुमच्याकडे न्हाणीघरातसुद्धा रेंज येत असेल, म्हणून थोडं जड जाईल. पण करा, म्हणजे हेमांगी तुम्हाला दिसेल.

हेमांगी एकोणीस वर्षांची. श्रीवर्धनच्या अलीकडे डोंगराआड दडलेली कोळ्यांची एक वाडी आहे, तिथली. वडील गुणाजी बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा सगळा भार त्यांच्यावर. एकदा समुद्रावर गेले की आठ-आठ दिवस दिसायचे नाहीत. घरात आत्या मनुबाई आणि भिंतीवर आईचा फोटो. तीन वर्षांपूर्वी आईच्या छातीत कळ आली, तेव्हा शेजारचा एक जण खिंड ओलांडून बंदराच्या धक्क्यापर्यंत धावत गेला. तिथे रेंज मिळाल्यावर त्याने ॲम्ब्युलन्सला फोन केला. ॲम्ब्युलन्स आली. आई मात्र तोवर थांबली नव्हती.

तेव्हापासून हेमांगी कमी बोलायची. पण शिकायचं तिने सोडलं नाही. घरी राहून करायच्या बी.ए.ला तिने नाव घातलं. त्यात 'तंत्रज्ञान आणि समाज' असा एक विषय होता आणि त्याचा तास दर रविवारी दुपारी चार वाजता ऑनलाइन भरायचा. म्हणजे दर रविवारी धक्का गाठणं आलं.

पहिला तास ऑगस्टातला. आभाळ इतकं खाली आलेलं की समोरच्या बोटींच्या काठ्या ढगात शिरल्यासारख्या वाटत होत्या. धक्क्याच्या टोकाला एक पत्र्याची शेड होती आणि तिच्यात मासळीचे रिकामे क्रेट डोक्याइतके रचून ठेवलेले. हेमांगी क्रेटांना टेकून बसली. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की मॅडमचं नाव पूनम आहे हेसुद्धा तिला स्क्रीनवर वाचावं लागलं.

हजेरी सुरू झाली. हेमांगीचा नंबर शेवटचा.

"हजर, मॅडम," ती म्हणाली.

आणि क्रेटांच्या पलीकडून, तीन सेकंदांनी, तिचाच आवाज आला – "हजर, मॅडम."

ती दचकली. तुम्हीही दचकला असता.

"कुणाचा तरी आवाज दोनदा येतोय," पूनम मॅडम वैतागून म्हणाल्या. "एकाच खोलीत दोघं बसलात का? लांब बसा बघू एकमेकांपासून!"

क्रेटांच्या वर एक डोकं आलं. पावसाने चप्पट झालेले केस, गळ्यात टॉवेल.

"तुम्ही पण तंत्रज्ञान आणि समाज?" डोक्याने विचारलं.

"...हो."

"मग आपल्यातला तंत्रज्ञान कोण आणि समाज कोण?"

हेमांगीला हसायचं नव्हतं. पण ओठांचा कोपरा हलला तो हललाच.

त्याचं नाव कुलदीप. आतल्या बाजूच्या भातशेतीच्या गावातला. धक्क्यावरच्या बर्फाच्या कारखान्यात तो कामाला होता. लाद्या मशीनमध्ये ढकलायच्या, फुटलेला बर्फ बोटींवर चढवायचा. रविवारची दुपार त्याने मालकाकडून अभ्यासासाठी मागून घेतली होती. त्याच्या फोनचा इअरफोन बिघडलेला, म्हणून तो स्पीकरवर ऐकायचा. आणि त्यामुळेच सगळा घोटाळा.

शेवटी दोघांनी मॅडमना पावलं सांगत प्रयोग करून पाहिले. दहा पावलं, आवाज घुमतो. पंचवीस, अजून घुमतो. चाळीस पावलांवर मॅडम म्हणाल्या, "आता स्वच्छ!" तेव्हापासून तेच ठरलं. तासभर ती शेडच्या या टोकाला, तो धक्क्यावरच्या दोर बांधायच्या लोखंडी खुंट्यापाशी छत्रीखाली. मध्ये मोजून चाळीस पावलं.

तास संपला की ती चाळीस पावलं कुणीतरी एक चालून यायचं. कधी तो, कधी ती.

कुलदीपचा फोन जुना होता. मॅडमचा आवाज त्याला तीन सेकंद उशिरा पोचायचा. मॅडमनी काही गंमत केली की हेमांगी आधी हसायची आणि मान वळवून धक्क्याच्या टोकाकडे बघायची. एक... दोन... तीन... आणि मग छत्रीखालचे खांदे हलायचे. ते तीन सेकंद तिला फार आवडायचे. त्याला हसू येणार आहे हे जगात फक्त तिला आधी ठाऊक असायचं.

"तुला सगळं उशिरा कळतं," ती एकदा म्हणाली.

"कळतं ना पण? ते बघ की."

"तुझ्या अंगाला नेहमी गार वारा कसा येतो रे?"

"बर्फवाला हाय मी. आणि तुझ्या अंगाला बोंबलाचा वास येतो, मी कधी बोललो?"

"आत्ता बोललास!"

"तीन सेकंद उशिरा बोललो."

पूनम मॅडमची शिकवायची एक रीत होती. कुठलंही यंत्र घ्या, त्या म्हणायच्या, आणि वहीत दोन रकाने आखा. पहिल्यात लिहा, याने कुणाला काय मिळालं. दुसऱ्यात लिहा, याने कुणाचं काय गेलं. बर्फाचं मशीन घ्या, गिरणी घ्या, बोटीवरचा जीपीएस घ्या. दुसरा रकाना कोरा राहिला तर समजा, तुम्ही नीट विचारलं नाही.

दिवाळीनंतर मॅडमनी प्रकल्प दिला. आपल्या गावाला कुठल्या तंत्रज्ञानाची गरज आहे ते शोधा आणि त्यासाठी काहीतरी करा.

हेमांगीला शोधावं लागलंच नाही. वाडीत मोबाइलचा टॉवर. ग्रामपंचायतीचा अर्ज कितीतरी दिवस कुठल्याशा टेबलावर पडून होता, त्याला आकडे हवे होते. मग दोघं आकड्यांच्या मागे लागले. कुलदीपने खिंडीची वाट पावलांनी मोजली, दोनदा. दुसऱ्यांदा कशाला, असं तिने विचारलं तर म्हणाला, "पहिल्यांदा तू सोबत होतीस. मोजणी चुकली असणार." घराघरात जाऊन तिने विचारलं, कोण आजारी आहे, कोण गरोदर आहे, कुणाचं माणूस समुद्रावर आहे. अर्जाच्या शेवटच्या पानावर तिने मॅडमचे दोन रकाने आखले, आईचं नाव लिहिलं आणि तिचा हात थांबला.

 कुलदीपने शेडमधला कोरडा गोणपाट घडी करून तिच्या शेजारी ठेवला आणि त्यावर बसून राहिला. चाळीस पावलांवर नाही, शेजारी. पाऊस कधीच संपला होता, पण आभाळ त्या दिवशीही मळकंच होतं.

मग तो म्हणाला, "दुसरा रकाना राहिलाय. कुणाचं काय गेलं?"

"टॉवरने कुणाचं काय जाणार आहे?" तिने डोळे पुसले आणि लिहिलं – काही नाही.

कुलदीपने ते वाचलं. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं... आणि पुन्हा मिटलं.

"काय?"

"काय न्हाय. अक्षर चांगलं हाय तुझं."

अर्ज गेला. खरंच पुढे सरकला. माघात डोंगरावर लोखंडाचे भाग आले, आणि एप्रिलच्या एका सकाळी वाडीत घराघरात फोन एकदम टिंगटिंगले. म्हातारी माणसंसुद्धा अंगणात येऊन हातातला फोन बघत उभी राहिली. हेमांगी आईच्या फोटोसमोर गेली, फोन वर धरला. चारही काड्या भरलेल्या.

त्या रविवारी साडेतीनला तिने छत्री उचलली, तेव्हा आत्या उंबऱ्यात बसली होती.

"कुठं गो निघालीस?"

"तासाला. धक्क्यावर."

"आता घरात रेंज हाय ना? मग धक्क्यावर काय काम?"

हेमांगी उंबऱ्यापाशीच थांबली. आठ महिने ती पोर एकटी खिंड ओलांडत होती, कुणी काही म्हटलं नव्हतं. तास असतो तिचा, सगळ्या वाडीला माहीत होतं. आता तास घरात आला होता. आता कुणीही विचारलं असतं. तिने छत्री खुंटीला लावली.

घरात आवाज खणखणीत यायचा. मॅडम म्हणाल्या, "वा, हेमांगी, आता कसं स्वच्छ!" मॅडमनी गंमत केली, हेमांगी हसली, सवयीने मान वळवली... एक, दोन, तीन. समोर भिंत होती.

कुलदीपचा नंबर होता की तिच्याकडे. मेसेज व्हायचे. 'जेवलीस?' 'हो. तू?' 'हो.' 'ऊन?' 'मळभ.' धक्क्यावर तासन् तास न संपणारं बोलणं फोनवर चार शब्दांत संपायचं. मग ती पडद्याकडे बघत बसायची. वर 'टाइप करत आहे' असं यायचं. जायचं. पुन्हा यायचं. आणि मग काहीच नाही.

असे चार रविवार गेले. पाचवा, मेमधला, शेवटचा तास होता. प्रत्येकाने आपला प्रकल्प वाचून दाखवायचा, हजेरीच्या क्रमाने. बाहेर भर दुपारी अंधारून आलं होतं. आत्या अंगणात बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांवर घाईघाईने प्लास्टिक ओढत होती.

कुलदीपचा नंबर लवकर आला. त्याने घसा साफ केला. मागे समुद्र ऐकू येत होता. म्हणजे तो तिथेच होता, खुंट्यापाशी.

"माझा विषय वाडीचा टॉवर," तो कागदावरून वाचू लागला. "पहिला रकाना, काय मिळालं. मागल्या महिन्यात वाडीत एका बाईला कळा लागल्या. घरातून फोन गेला, गाडी वेळेवर पोचली. मुलगी झाली. मॅडम, एवढा एक मुद्दा पुरे. बाकीचे मी खोडले."

कागद उलटल्याचा आवाज आला.

"दुसरा रकाना, कुणाचं काय गेलं. अर्जात तिथं 'काही नाही' असं लिहिलं होतं. मी तेव्हा शेजारीच होतो, मला ते चूक आहे हे माहीत होतं. मी बोललो नाही. कारण टॉवर हवाच होता. आजही हवाच आहे." तो थांबला. "दर रविवारी धक्क्यावर एक माणूस माझ्या तीन सेकंद आधी हसायचं. आता माझ्या आधी कुणी हसत नाही. मी याची भरपाई मागत नाही, मॅडम. मला फक्त रकाना कोरा ठेवायचा नव्हता. उद्यापासून मी न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला लागतोय, म्हणून... सगळ्यांचा निरोप घेतो. संपलं."

 मॅडम हळूच म्हणाल्या, "अगदी स्वच्छ ऐकू आलं, कुलदीप."

हेमांगी फोन हातात धरून उभी होती. ती कधी उभी राहिली हे तिचं तिलाच कळलं नव्हतं. पुढच्या मुलाने वाचायला सुरुवात केली आणि ती दारातून बाहेर पडली.

"गो, कुठं चाललीस? घरात रेंज हाय!" आत्या ओरडली.

"रेंज हाय आत्या... पण आवाज न्हाय पोचत!"

मनुबाईच्या हातात प्लास्टिकचं टोक तसंच राहिलं. ती पोरीकडे बघत राहिली. मग तिने अंगणाच्या कडेला पडलेली छत्री उचलून तिच्या मागे फेकली, आणि पुन्हा बोंबील झाकू लागली.

हेमांगी चालत होती, मग धावत होती. कानात कुणी शेताला पाणी देणाऱ्या पंपाबद्दल वाचत होतं, कुणी शिलाई मशीनबद्दल. नशीब, तिचा नंबर शेवटचा होता. खिंडीत शिरल्यावर कानातला आवाज तुटला. वाडीचा टॉवर तिथे संपायचा आणि धक्क्याची रेंज अजून यायची होती. त्या मधल्या वाटेवर फक्त तिचा श्वास होता आणि डोंगराला घासून जाणारे ढग. आपलं नाव पुकारलं असेल का? तो उठून गेला असेल का? याच वाटेवरून तीन वर्षांपूर्वी कुणीतरी असंच धावलं होतं, आणि उशीर झाला होता. ती आणखी जोरात धावू लागली.

उतारावर फोन थरथरला. तास अजून चालू होता.

कुलदीप शेडमध्ये होता, क्रेटांना टेकून. तिच्याच जागी. तिला पाहून तो धडपडत उठला.

"तू? ...घरात रेंज आहे ना?"

"आहे. चारही काड्या."

"मग?"

तिला इतका दम लागला होता की बोलवेना. "कळेल," ती म्हणाली. "तुला सगळं उशिराच कळतं."

तेवढ्यात कानात पूनम मॅडमचा आवाज आला. "शेवटचा नंबर. हेमांगी, आहेस का?"

तिने माइक सुरू केला. "हजर, मॅडम."

एक... दोन... तीन... कुलदीपच्या हातातून तिचा आवाज आला, "हजर, मॅडम."

"अरे देवा! पुन्हा आवाज दोनदा येतोय," मॅडम म्हणाल्या. "हेमांगी, लांब बस बघू. चाळीस पावलं, माहीत आहे ना तुला?"

कुलदीपने तिच्याकडे पाहिलं आणि तो निमूटपणे खुंट्याकडे जायला वळला. उद्या त्याला जायचंच होतं, आणि पावसाचे पहिले टपोरे थेंब पत्र्यावर वाजायला लागले होते.

मग त्या पोरीने काय केलं, सांगू? तिने त्याच्या गळ्यातल्या टॉवेलचं टोक धरलं आणि त्याला खाली बसवलं. स्वतः त्याच्या शेजारी बसली, इतकी जवळ की मध्ये एक पाऊलही मावलं नसतं. आणि फोन तोंडापाशी नेऊन म्हणाली, "मॅडम, माझ्या अर्जातला दुसरा रकाना चुकला होता. मी तो आता इथूनच वाचते. आवाज दोनदा आला तर... येऊ दे."