जांभळ्या रेघा

“या घरान साबन ठेवाची चाल हाय का नाय?” मोरीतून सासूबाईंची कुरकुर आली, आणि सुचिताच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

साबण तिनेच लपवला होता, डब्यांच्या मागे. सरस्वतीबाईंच्या छातीवर हॉस्पिटलवाल्यांनी जांभळ्या शाईच्या रेघा आखल्या होत्या, मशीनच्या किरणांचा मारा नेमका तिथेच पडावा म्हणून. घणसोली गावातल्या त्या चिंचोळ्या घरात सुचिता रोज ओल्या फडक्याने सासूचं अंग असं पुसायची, जशी रांगोळी न मोडता भोवतीची फरशी पुसावी... या उपचाराला घरात सगळे ‘लाईट’ म्हणत. रोगाचं नाव कोणी काढत नसे.

ती मोरीकडे धावली. सरस्वतीबाई पाटावर बसल्या होत्या, हातात कपड्यांच्या साबणाचा तुकडा. छाती भाजल्यासारखी लाल. रेघ एकही नाही.

“आई, काय केलंत हे? निम्मी लाईट राहिलीय अजून.”

“राहू दे. लाईट घेतल्यापासून मना घोट उतरत नाय. रविवारी तेजसची हलद हाय. धवलं कोन बोलंल, तुजा बापूस?”

धवले, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण गायल्याशिवाय आगरी घरात हळद लागत नाही, आणि गावभरच्या पोरांसाठी गायलेला हा गळा धाकट्या लेकाच्याच वेळी मुका राहणार होता. डॉक्टरांचं बोलणं सुचिताने आणि नवऱ्याने, मिथुनने, शेजारी बसून ऐकलं होतं: दुखणं कमी होईल, आजार जाणार नाही. बाहेर येऊन मिथुन सगळ्यांना म्हणाला होता, “टेन्शन नाय, आई ठणठणीत होणार.”

तोच आता गाडीची चावी घेऊन दारात उभा राहिला. सरस्वतीबाईंनी अंगाभोवती लुगडं ओढून घेतलं, पण साबण त्याने पाहिलाच.

“तू दिलास? कंटाळा आला असेल तिचं करायचा, तर सरळ सांग ना.”

सुचिताचे डोळे भरून आले. पण आजारी जिवाला बोलणी बसण्यापेक्षा... “हो. माझीच चूक,” ती म्हणाली.

“खोटी बोलतं ती. मीच धुतलं,” सरस्वतीबाई म्हणाल्या. “पोटच्या पोरीसारखा हात लावलाय मना हिनं. तिला बोलशील तर मोरीतून बाहेर येनार नाय मी. आता तू सांग मिथुन, पुरी लाईट घेतली तर मी वाचन का?”

“आई, उशीर होतोय. गाडी लावलीय खाली.”

“तेजसचं पोर मांडीवर घेन का?”

मिथुन चावीकडे बघत राहिला. सरस्वतीबाईंनी सुनेचा हात धरला, फेसाने बुळबुळीत झालेल्या आपल्या हातात.

“तू सांग गो. तू अंग पुसतंस माजं.”

सुचिता पाटासमोर ओल्या फरशीवरच बसली. “मी डॉक्टरांकडे जाते, दुखण्याची औषधं मागते. रविवारी तुमच्या मागं बसते, दम लागला की धवला मी ओढीन, येईल तसा...”

“ते नाय इचारलं.”

तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान फिरवली.

“नाही, आई,” सुचिता म्हणाली. “तुम्ही वाचणार नाही.”