डावीकडे बघणारा मासा

समुद्रावरून धुकं आत आलं की मुत्सु-मिनातो बंदराच्या मासळीबाजारात आधी आवाज ऐकू येतात, माणसं मागाहून दिसतात. त्या सकाळीही चिगुसाला आधी नुसता प्रश्नच ऐकू आला.

"अहो, हे दोन्ही एकच ना?"

तिने मान वर केली. धुक्यातून एक उंच तरुण तिच्या मासळीच्या फळीसमोर आला होता. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, बोटं चेरीच्या रसाने लालभडक. त्यातल्याच एका बोटाने तो बर्फावर शेजारी-शेजारी ठेवलेले दोन मासे दाखवत होता. एक हिरामे, एक कारेई. दोघेही पोळीसारखे चपटे, दोघेही मातकट, आणि दोघांचेही दोन्ही डोळे एकाच अंगाला.

शेजारच्या फळीवरच्या तोमेमावशींनी सुरी खाली ठेवली. "अगं किवा, ऐकलंस का? एकच म्हणे!"

किवा म्हणजे चिगुसाची आई. नवरा गेल्यापासून मासळीची ही फळी तिने एकटीने चालवली होती, आणि तिच्या जिभेला बाजारातली मांजरंसुद्धा वचकून असत. ती मागे बर्फ फोडत होती. तिथूनच म्हणाली, "डोंगरातला दिसतोय. जाऊ दे त्याला."

"डोंगरातलाच आहे," तो हसून म्हणाला. "नानबूचा. गल्लीच्या टोकाला चेरी घेऊन बसलोय. युसाकु."

नाव कुणी विचारलं होतं? चिगुसाला हसू आलं. तिने ओठ दाबले, पण डोळ्यांचं काय करणार...

"हे बघा," ती म्हणाली. "काळी बाजू वर ठेवायची. पोट आपल्याकडे. आता तोंड डावीकडे आलं तर हिरामे, उजवीकडे आलं तर कारेई. इथल्या शेंबड्या पोरालाही येतं."

"डावीकडे हिरामे, उजवीकडे कारेई." त्याने घोकलं. मग हळूच विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही मघापासून डावीकडे बघताय. माझ्याकडे बघतच नाही."

तोमेमावशी एवढ्या मोठ्याने हसल्या की पलीकडे तळ ठोकून बसलेले सीगल उडाले. चिगुसाचे कान तापले. तिने कारेई कागदात गुंडाळून त्याच्या हातात कोंबला. "घ्या. सोया सॉस, साके आणि आलं घालून शिजवा. आणि गिऱ्हाईक खोळंबलंय, सरका."

गिऱ्हाईक एकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या फळीच्या कोपऱ्यावर चेरीची एक जोडी होती, देठाला देठ जोडलेली. ठेवणारा कोण हे विचारायची गरज नव्हती. फळीवर लाल बोटाचा ठसा उमटला होता.

मग रोजच सुरू झालं. आपला माल लावून झाला की युसाकु यायचा. चिगुसा एखादा मासा पालथा घालून विचारायची, "सांगा बघू, कोण?" तो डोकं खाजवायचा. वाकून बघायचा. आणि हमखास चुकायचा.

"अहो, पोट कुठेय? पोट तुमच्याकडे हवं ना!"

"पोट दिसलंच नाही."

"मग बघत काय होतात?"

यावर तो नुसता हसायचा. ते हसू मग चिगुसाच्या पाठोपाठ दिवसभर बाजारात हिंडायचं, आणि कोळंबी मागणाऱ्या बाईला ती स्क्विड बांधून द्यायची. दोघांचं मेतकूट जमलंय हे साऱ्या गल्लीला दिसत होतं. त्या दोघांना मात्र वाटत होतं, आपण अजून मासेच ओळखतोय.

चेरी संपली, पीच आले. पीच संपले, सफरचंदं आली. खरं तर मासे ओळखायची आणखी एक खूण असते, डोळ्यांच्या खुणेपेक्षा पक्की. हिरामेचं तोंड मोठं, आत सुईसारखे दात. दुसऱ्या माशांवर झडप घालून जगणारा प्राणी तो. कारेईचं तोंड इवलंसं, रुसल्यासारखं. पण हे चिगुसाने त्याला सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर शिकवणी लवकर संपली असती.

नोव्हेंबर सरत आला. एका सकाळी युसाकुने एक सफरचंद बाहीला पुसून तिच्यापुढे धरलं, पण हात मागे घेतला नाही.

"आता थोडीच राहिलीत," तो म्हणाला. "हा माल संपला की गाडी खाली आणायला कारण नाही... बर्फ पडला की बागेत फांद्या छाटायच्या. थेट चेरीलाच."

"बरं," चिगुसा म्हणाली. "म्हणजे उन्हाळ्यातच."

"बाग दादाची आहे. मी धाकटा." तो सफरचंदाकडेच बघत होता. "म्हणजे... मी कुणाच्या घरी घरजावई म्हणून गेलो, तर आमच्याकडे कुणाची ना नाही."

"कुणाच्या घरी?"

"तेच विचारायचं होतं."

चिगुसाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मागून बर्फाची बादली दाणकन आपटली.

"घरजावई?" किवा म्हणाली. कमरेवर हात, डोळ्यांत अंगार. "पावसाळा गेला, पानगळ झाली, अजून याला हिरामे-कारेई ओळखता येत नाही. आणि हा माझ्या फळीवर बसणार? लोक हसतील मला! उद्या मी डोळे मिटले की हा कारेई कापून हिरामे म्हणून विकेल."

"आई—"

"तू गप. याचे सासरे मला मागायला आले तेव्हा..." ती थबकली. 'सासरे' हा शब्द तोंडून निसटला होता. तोमेमावशींनी तो बरोबर टिपला. किवाने घाईने सावरून घेतलं. "तुझा बाप मला मागायला आला तेव्हा स्वतः पकडलेला हिरामे घेऊन आला होता. हा एवढा! माझ्या आईच्या फळीवर ठेवलान्. यानेही ठेवावा. सफरचंदं संपायच्या आत. नाहीतर चेरीलाही इकडे फिरकायचं नाही."

युसाकुने कमरेत वाकून नमस्कार केला. "आणतो."

त्या दिवसापासून चिगुसाला अन्न गोड लागेना. हिरामे पकडायचा म्हणजे लाटांमध्ये गळ टाकायचा, आणि या माणसाने आयुष्यात धरले ते डोंगरातल्या ओढ्यातले मासे. आईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. हा रिकाम्या हाताने आला तर संपलंच. पहाटे फळी लावताना ती गल्लीच्या टोकाकडे बघायची. सफरचंदांच्या पेट्या रोज कमी होत होत्या, आणि पेट्यांमागचा माणूस रोज जास्त दमलेला, जास्त ओला दिसत होता.

शेवटची पेटी उघडली त्या सकाळी बर्फ भुरभुरत होता. युसाकु धावतच आला. हातात थर्माकोलची पेटी, नाक लाल, चेहऱ्यावर सण असल्यासारखा आनंद.

"मिळाला!" त्याने पेटी फळीवर ठेवली. "नदीच्या तोंडाशी बसलो होतो. नदी मला कळते ना. डावीकडे तोंड आहे, चिगुसा-सान! मी नीट पाहिलं. पोट माझ्याकडे, तोंड डावीकडे!"

नदीच्या तोंडाशी... चिगुसाने झाकण उचललं, आणि लगेच लावलं.

आत नुमागारेई होता. गोड्या-खाऱ्या पाण्यात राहणारा, खरखरीत कातडीचा. साऱ्या कारेईंत हाच एक उलटा, डोळे डावीकडे असलेला. बाजारातल्या कुठल्याही बाईने तो लांबूनच ओळखला असता. आणि याला ओळखायची खूण, तोंडाची ती साधी खूण, तिनेच सांगायची बाकी ठेवली होती.

"हात गारठलेत तुमचे," ती घाईघाईने म्हणाली. "तोमेमावशींकडे चहा आहे. जा, घेऊन या. आई बर्फ आणायला गेलीय, येईलच."

तो वळला मात्र, चिगुसाने नुमागारेई उचलून फळीखाली सारला आणि त्या दिवशीचा सगळ्यात मोठा हिरामे पेटीत ठेवला. आयुष्यात तिने गिऱ्हाइकाला कधी शिळं विकलं नव्हतं, आणि आज आईच्याच डोळ्यांत धूळ फेकत होती.

किवा आली. आजूबाजूच्या फळ्यांवरच्या बायका माना लांब करून उभ्या राहिल्या. युसाकुने चहाचा कप ठेवला, खोल श्वास घेतला आणि झाकण उघडलं.

"अरे वा!" तोमेमावशी ओरडल्या. "काय देखणा हिरामे!"

टाळ्या वाजल्या. किवाची भुवई वर गेली. युसाकु मात्र पेटीत बघतच राहिला.

"हा माझा नाही," तो म्हणाला.

चिगुसाने त्याच्या पायावर पाय दिला. गमबुटांवर गमबूट, त्याला काय कळणार!

"तुमचा कसा नाही?" ती दात आवळून म्हणाली. "तुमच्याच पेटीत आहे."

"नाही, नाही. माझ्या माशाच्या कडेच्या परांवर काळे पट्टे होते. कातडी खवणीसारखी होती. आणि तोंड एवढंसं. हे बघा, याचं तोंड केवढं, दात केवढे! हा दुसराच मासा आहे." मग त्याच्याही ध्यानात काहीतरी आलं. त्याचा आवाज खाली गेला. "म्हणजे... माझा हिरामे नव्हता का?"

तोमेमावशींनी वाकून फळीखालून नुमागारेई ओढून काढला. अख्ख्या गल्लीत हशा पिकला. युसाकु कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला, पण जागचा हलला नाही.

"कारेई आहे तो," किवा म्हणाली. ती हसत नव्हती. "याच्या डोळ्यांवर जाऊ नये. तोंड बघावं. आत्ता तूच सांगितलंस तसं." मग ती लेकीकडे वळली. "आणि हा हिरामे आपल्या फळीवरचा. सकाळी मीच बर्फात ठेवला होता. कुणी घातला पेटीत?"

हातच्या कांकणाला आरसा कशाला. चिगुसाने खाली मान घातली. मग वर केली.

"मी घातला. मला तो हवा होता, आई."

"मासा?"

"मासा नाही... तो. रोज तो चुकतो आणि मला बरं वाटतं. तो गेला तर मला उन्हाळ्यापर्यंत जगता यायचं नाही. मीच त्याला अर्धवट शिकवलं. चूक माझी आहे. त्याला घालवू नकोस."

एवढं सगळं भरबाजारात बोलून झाल्यावर तिला रडू फुटलं. युसाकु तिच्याकडे बघत होता. या वेळी मात्र ती डावीकडे वळली नाही. सरळ त्याच्याकडे बघत राहिली.

किवाने त्या दोन माशांकडे आळीपाळीने बघितलं. मग तिचे खांदे हलायला लागले. चिगुसाला वाटलं, आई चिडली. पण ती हसत होती, आणि हसता हसता गमबुटावर टपटप पाणी पडत होतं.

"तोमे," ती म्हणाली, "सांगू का गं हिला?"

"सांग बाई. इतकी वर्षं सांभाळलंय."

"तुझ्या बापाने आणलेला तो हिरामे तोमेच्या सासूच्या फळीवरचा होता. शेपटीला तिच्या फळीच्या खुणेचा दोराही तसाच. मी बघितल्याबरोबर ओळखलं. माझ्या आईनेही ओळखलं. कुणी ब्र काढला नाही. जन्मभर तो बिचारा पाहुण्यांना सांगत राहिला, कशी लाट आली, कसा गळ ताणला... आणि मी मान डोलावत राहिले." तिने पदराच्या जागी बाही डोळ्यांना लावली. "शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाला, किवा, तुला एक सांगायचंय. मी म्हटलं, काही सांगू नका, पेज प्या."

किवा आत गेली आणि खिळ्यावर लटकलेला एक जुना रबरी अ‍ॅप्रन घेऊन आली. नवरा गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. तिने तो युसाकुच्या छातीवर फेकला.

"आयता हिरामे हातात आला तरी माझा नाही म्हणतोस. शहाणपण नाही, पण पैशांच्या पेटीवर बसवायला चालशील. बांध तो."

त्याने बांधला. त्याच्या उंचीला तो आखूड होता.

नुमागारेई किवाने स्वतःच साफ केला, मागच्या स्टोव्हवर ठेवला आणि आलं नेहमीच्या दुप्पट घातलं. गरम भाताबरोबर सगळे फळीमागे उभ्यानेच जेवायला लागले.

"कसा झालाय?" किवाने विचारलं.

चिगुसाने डोळे वटारून युसाकुला इशारा केला. त्याने तिच्याकडे बघितलं, घास नीट चावला, गिळला.

"चिखलासारखा लागतोय," तो म्हणाला. "आलं मात्र छान आहे."

किवाला ठसका लागला. तोमेमावशी तिची पाठ चोळायला धावल्या, आणि तेवढ्या गडबडीत युसाकुने चिगुसाचं गार बोट आपल्या मुठीत घेतलं.

"उद्या किती वाजता येऊ?" त्याने कुजबुजत विचारलं. "सफरचंदं तर संपली."

"उजाडायच्या आत ये," ती म्हणाली. अहो-जाहो कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही. "तुला अजून खूप मासे शिकायचेत."