जयम्माची झोळी

ही घडलेली गोष्ट आहे. जे. पी. नगरातल्या एका फ्लॅटमध्ये, भरदुपारी घडलेली. पटो न पटो, सुखदा अजूनही त्या दुपारबद्दल बोलताना मध्येच थांबते आणि पाळण्याकडे बघते.

सुखदा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. दादा-वहिनीकडे राहायची. कॉलेजच्या सेवा-प्रकल्पासाठी तिला शहराबाहेरच्या आनेकलची एक संस्था मिळाली. कारखान्यातल्या बायकांच्या लेकरांचं पाळणाघर.

तिथे एक पद्धत होती. प्रत्येक बाळाची झोळी त्याच्या आईच्याच वापरलेल्या साडीची. आईचा वास आला की लेकरू निजतं.

पुट्टी दीड वर्षाची. तिची आई जयम्मा उदबत्तीच्या कारखान्यात होती. तापाने गेली. मागे राहिली एक हिरवी साडी... उदबत्तीच्या वासाची.

"सगळ्या झोळ्यांना झोके दे," पाळणाघर सांभाळणारी चंद्राअक्का म्हणाली. "पुट्टीच्या नको."

"का हो, अक्का?"

"ती हलते."

आणि खरंच... पंखा बंद, वारा नाही, तरी झोळी संथ हलत होती. आत पुट्टी गाढ झोपलेली.

सुखदाला वाटलं, पोरच चुळबुळत असेल.

शुक्रवारी अक्का रजेवर होती. झोळ्या किती कळकट झाल्यात! सुखदाने सगळ्या सोडल्या, घरी आणल्या, मशीनला लावल्या. भरपूर पावडर, वर सुगंधी कंडिशनर.

"वहिनी, बघ, नव्यासारख्या!"

"स्वतःचा टॉवेल कधी धुतला नाहीस गं," अमृतावहिनी हसली.

सोमवारी अक्काने हिरवी साडी नाकाला लावली. परत एकदा लावली.

"एन माडिदे, मगा..." काय केलंस हे, पोरी.

त्या दुपारी झोळी हलली नाही.

पुट्टी रडत राहिली. सुखदाने झोके दिले, अंगाई म्हटली. पुट्टी तिच्याकडे बघतही नव्हती. ती वर बघत होती... रिकाम्या जागेकडे.

दुसऱ्या दिवशीही तेच. दूधसुद्धा तोंडाला लावू देईना.

गुरुवारी दुपारी सुखदा घरी होती. वहिनी आंघोळीला गेलेली. तिचा तान्हा आशय पाळण्यात.

कुर्र... कुर्र...

पाळण्याची कडी वाजत होती.

वहिनी बाहेर आली? नाही. बाथरूममधून पाण्याचा आवाज येतच होता.

मग वास आला... उदबत्तीचा. घरात कुणी उदबत्ती लावलीच नव्हती. वास वॉशिंग मशीनपासून निघून पाळण्यापर्यंत येत होता.

आशय वर बघून हसत होता.

सुखदाने मशीनकडे बघितलं, मग पाळण्याकडे. आणि कळलं. वास इथे धुतला गेला. वासामागून ती इथे आली. परक्या बाळाला झोके देत बसली... आणि तिची लेक तिकडे...

"जयम्मा," सुखदाने मोडकंतोडकं कन्नड जुळवलं. "निम्म मगळु इल्लि इल्ला. तुमची मुलगी इथे नाही. आनेकल... आनेकलला आहे."

पाळणा थांबला.

वास विरला.

सुखदाने पाळणाघरात फोन लावला. "अक्का, झोळी हलतेय का?"

पलीकडे पुट्टीचं रडणं.

"इल्ला, मगा."

संध्याकाळीही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मग जयम्मा गेली कुठे? वाटेत चुकली?

पुट्टी हल्ली झोपते. रडून रडून थकली की.

कॉलेजचा प्रकल्प कधीच संपला. सुखदा मात्र अजून आनेकलला जाते, बस बदलत. शेजारची सीट पिशवी ठेवून धरते. कुणी विचारलं तर म्हणते, "येताहेत."

आणि प्रत्येक स्टॉपवर, दार उघडलं की, उदबत्तीचा वास येतो का म्हणून खोल श्वास घेते...

अजून तरी नाही.