बरणीतला अपंग जीव

शिंदखेड्यातल्या आपल्या धान्याच्या दुकानात भिकमचंदांनी आजवर शंभरेक विंचू तरी जिवंत धरले असतील. जैनाचं घर, मारायचा प्रश्नच नव्हता. चिमट्यानं उचलायचा, डब्यात टाकायचा आणि नाल्यापलीकडे सोडून यायचं. हमाल नवल गालात हसायचा, पण शेठजींसमोर चप्पल उगारायची त्याची छाती नव्हती.

मार्चमध्ये पोत्यांच्या फटीत सापडलेल्या विंचवाची शेपटी मात्र मधूनच दुभंगलेली होती. दोन फाटे, दोन काटे. "व्यंग आहे बिचाऱ्यात. बाहेर टिकायचा नाही," म्हणत भिकमचंदांनी त्याला लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवलं, झाकणाला भोकं पाडली. लंगड्या गाईला पांजरापोळात ठेवतात, तसंच हे. नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली बरणी धरून त्यांनी नातीला गंमतही दाखवली. त्या उजेडात विंचू हिरवागार चमकतो. सात वर्षांच्या विधीनं टाळ्या पिटल्या.

खायला जिवंत किडे घालणं काही त्यांच्या हातून होईना. ते नुसता कापसाचा ओला बोळा टाकत. तरी विंचू वाढत होता.

मे महिन्यातली दुपार. रस्ता चिडीचूप, शटर अर्धं खाली. विंचवानं दुसऱ्यांदा कात टाकली होती. विंचू चोरून काहीतरी खातोय असा संशय येऊन नवल बरणीकडे बघत हळूच म्हणाला, "आबा, पानीवर कोनी वाढस का? हाऊ काही तरी खाई ऱ्हायना..."

भिकमचंदांनी कात उचलून गव्हातली कीड बघायच्या भिंगाखाली धरली. विंचवाच्या पंजाला चिमट्यासारखी दोन टोकं असतात. इथे पाच होती, आणि प्रत्येकावर गुलाबीसर, इवलंसं नख. बरणीतून खोबरेल तेलाचा वास येत होता, विधीच्या वेणीला येतो तसाच.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. सकाळीच सून आयुषी हसत म्हणाली होती, "बाबुजी, दोन महिने झाले, विधीची नखं कापावीच लागली नाहीत. वाढतच नाहीत!" तेही हसले होते. विंचू आल्यापासून पोर रोज दुपारी दुकानातल्या गादीवर, याच बरणीशेजारी झोपत होती.

आताही ती तिथेच पडली होती, टक्क जागी.

"विधी... तू त्याला हात लावतेस?"

"नाही दादाजी. तोच लावतो."

भिकमचंद त्याच उन्हात नाल्यापलीकडे गेले. त्यांनी बरणी उपडी केली. विंचू पळाला नाही. पाचही टोकं उघडून जागीच बसून राहिला. ते मागे न बघता घरी आले, अंघोळ केली आणि संध्याकाळपर्यंत नवकार मंत्र म्हणत बसले. आपल्या दयेपायी पोरीला काही झालं, तर पोराला काय तोंड दाखवणार होते ते?

आठ दिवसांनी आयुषी नेलकटर दाखवत आली. "वाढली बाई एकदाची नखं!" भिकमचंदांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

दुसऱ्या दुपारी गिऱ्हाईक नुकतंच गेलं होतं, निळा दिवा चालूच होता. गोळ्यांचा डबा घ्यायला विधीनं गल्ल्यावरून हात पुढे केले. दहाही बोटं, पार मनगटापर्यंत, हिरवीगार चमकली.

 

"दिवा बंद करा ना दादाजी... टोचतो."

भिकमचंदांनी बटण दाबलं. विधी पाठ न फिरवता मागे मागे सरकली आणि पोत्यांच्या फटीत शिरली. त्या फटीत मांजरही मावत नव्हतं.

"विधी..."

मग आतून, अगदी तळातून, तिचा गोड आवाज आला, "दादाजी, पाणी द्या ना. कापसावर."