उतरल्याची टिक

तो कागद जरा इकडे दे बघू. हं. अरे, आत्ता कुठे साडेनऊ होतायत, डॉक्टर मंडळी अजून आत हातात ताटं घेऊन उभी आहेत, आणि तू ‘चढले’च्या रकान्यात टिका मारून मोकळा? आणि ‘उतरले’मध्येपण? बाजारात तुरी म्हणतात ना, त्यातली गत. एक माणूस गाडीत बसलेलं नाही, आणि तुझ्या कागदावर सगळे हॉटेलात जाऊन झोपलेसुद्धा.

नाही रे, ओरडत नाही. बस. मीही मारायचो अशाच टिका. सगळेच मारतात. शेवटची फेरी, डोळ्यांवर झोप, अंधारात एकेकाचं नाव कोण वाचत बसणार? चहा घ्या तिघं. आपली फेरी दहा-चाळीसची, तोवर एक सांगतो. ऐकीव नाही, माझ्या साडूच्या बाबतीत घडलेलं आहे. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तोही आपल्यासारखाच, कॉन्फरन्सच्या गाड्यांवर होता.

अकरा वर्षं झाली. नोव्हेंबर महिना. भूल देणाऱ्या डॉक्टरांची तीन दिवसांची कॉन्फरन्स होती, गुरुवार ते शनिवार. हॉल असाच गावाबाहेर आणि हॉटेलं गावात. साडू म्हणायचा, जगाला झोपवणारी माणसं ही, पण सकाळी गाडीत बसली की स्वतःच घोरायची. त्याच्याकडे तीन हॉटेलं होती. दोन मोठी, आणि तिसरं पार टोकाला, लहानसं.

त्या तिसऱ्या हॉटेलात एक डॉक्टर बाई राहायला होत्या. सत्तरीच्या आसपास. बारीक चणीच्या, अंगावर करडी शाल. गुरुवारी सकाळी चढताना साडूनं विचारलं, “बाई, नाव सांगा, टिक मारतो.” तर त्यांनी त्याच्या हातातला कागदच घेतला. पर्समधून शाईचं पेन काढलं. हिरवी शाई. “माझी टिक मीच मारणार,” म्हणाल्या, “शुद्धीवर आहे अजून.” साडूला हसू आलं. बाई सातव्या नंबरच्या सीटवर बसल्या, त्याच्या आरशात बरोबर मधोमध दिसतील अशा.

साडूला बोलायची भारी हौस. वाटेत म्हणाला, “तुमचं बरंय बाई. सुई टोचली की काम संपलं.”

“संपलं?” बाई म्हणाल्या. “तिथंच सुरू होतं. ऑपरेशन करणारा हात धुऊन जातो निघून. आम्ही उशाशी बसतो, माणूस शुद्धीवर येईपर्यंत. मध्ये उठायचं नाही. एकदा झोपवलं की आपली जबाबदारी.”

“आमच्यातही तसंच आहे,” साडू म्हणाला. “सकाळी नेलं तेवढं रात्री परत आणायचं.”

त्याच रात्रीची गोष्ट. गुरुवार. जेवणं आटोपली, शेवटची गाडी लागली. यादीत सव्वीस नावं. दहा-पस्तीसला बाई येऊन सातव्या सीटवर बसल्या, आणि मग पर्स चाचपायला लागल्या. चष्मा आत टेबलावर राहिला होता. कॉन्फरन्सवाले देतात ना ती जाडजूड पिशवी, ती त्यांनी जागा धरायला सीटवर उभी ठेवली. तिच्यावर शाल टाकली. खाली उतरताना म्हणाल्या, “दोन मिनिटं हं. जाऊ नका.”

“जा निवांत. तुम्हाला घेतल्याशिवाय गाडी हलणार नाही.”

“नक्की?”

“शब्द दिला, बाई.”

मग विसरला कसा, असं मीही त्याला विचारलं. तो विसरला नव्हता रे. एकानं येऊन एसी कमी करायला सांगितला, दुसऱ्याला पाणी हवं होतं, वॉकीवर गाड्या सोडणारा साहेब ओरडत होता, “निघ, निघ, मागं रांग लागलीय.” साडूनं आरशात बघून डोकी मोजली. सव्वीस भरली. सातव्या सीटवर शाल दिसत होती. त्याला वाटलं, आल्या बाई.

गाडी निघाली. पहिल्याच सिग्नलला त्यानं कागद मांडीवर घेतला आणि सव्वीसच्या सव्वीस टिका मारल्या. ‘चढले’मध्येही आणि ‘उतरले’मध्येही. तू मारल्यास तशाच. तिसऱ्या हॉटेलला पेंगुळलेली सात-आठ माणसं उतरली. त्यानं सीटांवरून चक्करसुद्धा मारली नाही. कागद साहेबाच्या टेबलावर टाकला आणि घरी जाऊन झोपला.

इकडे बाई बाहेर आल्या तर गाडी नाही. फोन पिशवीत. पिशवी गाडीत. आता मागं फिरून कुणाला सांगायचं की नाही? पण त्या चालायला लागल्या. साडूला आयुष्यभर तेच खात होतं. म्हणायचा, “मी शब्द दिला होता ना. त्यांना वाटलं असणार, गाडी पुढे वळणावर थांबली असेल.”

वळणावर दिवा नव्हता. कडेचा नाला उघडा होता.

सव्वाबाराला त्या हॉटेलमधून साहेबाला फोन आला. बाईंची चावी अजून काउंटरवरच आहे म्हणून. साहेबानं कागद बघितला. “उतरल्यात हो. टिक आहे. कुणाच्या तरी खोलीत गप्पा मारत बसल्या असतील.” आणि फोन ठेवला. कुणी शोधायला गेलं नाही. कशाला जाईल? कागदावर बाई हॉटेलात होत्या.

सकाळी रस्ता झाडणाऱ्यांना दिसल्या. पाय मोडलेला. मुठीत चष्मा. तपासणारे म्हणाले, थंडीनं गेल्या. पहाटे चारपर्यंत जीव होता.

चारपर्यंत. सव्वाबाराला कुणी निघालं असतं तर बाई घरी गेल्या असत्या.

साहेबाचा फोन आला तेव्हा साडू अर्धवट झोपेत होता. “काल तू उतरवलंस ना त्यांना?” तो म्हणाला, “हो. कागदावर आहे की.” नंतर गाडी झाडायला गेला, आणि सातव्या सीटवर ती पिशवी. वर शाल. तेव्हा तरी तोंड उघडायचं! पण भ्याला. घरात दोन लहान मुलं, नोकरी गेली तर खाणार काय? “गाडीत राहिली होती,” एवढंच सांगून त्यानं पिशवी हॉटेलच्या काउंटरवर ठेवली. दुपारी बाईंचा मुलगा येऊन घेऊन गेला. काउंटरवरच्या पोरीनंसुद्धा विचारलं नाही, की बाई उतरल्या तर पिशवी गाडीत कशी राहिली.

आता शुक्रवारची रात्र. कॉन्फरन्स काही थांबली नव्हती. सकाळी दोन मिनिटं उभे राहिले सगळे, मग भाषणं चालू. शेवटची गाडी पुन्हा साडूकडेच. यादी तीच, कागद नवा छापलेला, फक्त साहेबानं बाईंच्या नावावर पट्टीनं रेघ ओढलेली. सव्वीसातले पंचवीस राहिले. त्या दिवशी साडूनं आरशात बघून मोजलं नाही. एकेका सीटला हात लावून मोजलं, एकेक नाव विचारून टिक मारली. पंचवीस. सातव्या सीटवर कुणी बसलं नव्हतं.

दहा-चाळीसला त्यानं दाराचं बटण दाबलं.

दार अर्ध्यात आलं आणि परत उघडलं.

तुम्हाला ठाऊक आहे, पायरीवर माणूस असलं की आपलं दार लागत नाही. तो खाली उतरला. पायरीवर कुणी नव्हतं. त्यानं दाराचा तो काचेचा डोळा रुमालानं पुसला. पुन्हा बटण दाबलं. दार अर्ध्यात आलं... परत उघडलं. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. मागून एक डॉक्टर म्हणाले, “ड्रायव्हरसाहेब, कुणी यायचं राहिलंय का?”

बाहेरची थंडी आत येत होती. हॉलचे दिवे एकेक करून विझत होते. त्यानं पाचव्यांदा बटण दाबलं. दार उघडंच.

मग तो पायरीकडे न बघता, फक्त स्वतःला ऐकू येईल इतकं हळू म्हणाला... “या.”

दार लागलं.

गाडी वळणावर आली. नाल्यापाशी. त्यानं वर बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण आपली मान ऐकते का? सवयीनं डोळे आरशात गेले.

शाल.

त्यानं ब्रेक मारला. दिवे लावले. मागे वळून बघितलं. सातवी सीट रिकामी. आजूबाजूचे लोक त्याच्याकडे बघतायत. पुढे वळला. आरसा. शाल... आणि शालीवर डोकं. खाली घातलेलं. कागदावर काही लिहिताना घालतात तसं.

पहिलं हॉटेल. अकरा उतरले. त्यानं मोठ्यानं मोजले. दुसरं हॉटेल. सात उतरले. तिसरं. सात. पंचवीस झाले. गाडी रिकामी झाली. मागे कुणी नाही. आरशात मात्र...

तो म्हणाला, “बाई... हॉटेल आलं.”

काही नाही.

“बाई, दार उघडं आहे.”

काही नाही.

उठून सातव्या सीटपाशी गेला. सीटवर हात ठेवायचा धीर होईना. हात जोडले. “चूक झाली माझी. खोटं बोललो मी. सकाळी सगळ्यांसमोर सांगतो. पण तुम्ही उतरा... पाया पडतो, उतरा.” माणूस अजून काय करणार, सांगा? मेलेल्या माणसाला दंडाला धरून तर उतरवता येत नाही.

दार उघडंच. थंडी. बारा वाजले. एक. दोन. काउंटरवरची पोर काचेतून बघत होती, हा ड्रायव्हर रिकाम्या गाडीत कुणाशी हात जोडून बोलतोय. त्याला गाडी हलवता येईना आणि सोडूनही जाता येईना. काल रात्री त्या पडून होत्या ना, तेवढा वेळ. अगदी तेवढाच. तो मोजत होता. तीन. साडेतीन.

चार वाजले आणि दार आपोआप लागलं. बटणाला हात न लावता.

कुणी उतरलं नव्हतं. त्याचे डोळे पायरीवरच होते.

मग त्याची नजर डॅशबोर्डवरच्या यादीवर गेली. बाईंचं नाव, नावावर रेघ. आणि रेघेपुढे, ‘चढले’च्या रकान्यात... टिक. हिरवी.

शेजारी ‘उतरले’चा रकाना कोरा.

शनिवारी सकाळी त्यानं सगळं सांगितलं. साहेबाला, पोलिसांना, बाईंच्या मुलाला. नोकरी गेली. पुढे साडूनं स्टिअरिंगला हात लावला नाही, एका गोदामात रखवाली करायचा. मला वाटलं, खरं बोलला, भोगलं, सुटला बिचारा. कसला सुटतोय!

तो कागद त्यानं जपून ठेवला होता. प्लास्टिकच्या पाकिटात, कपाटाच्या वरच्या खणात. रात्री काढून बघायचा आणि परत ठेवायचा. माझी मेव्हणी रडकुंडीला यायची. “अहो, मारून टाका ना ती दुसरी टिक. एकदाचे मोकळे व्हा.” तो म्हणायचा, “मारली असती गं. पण त्या उतरल्यात कुठं?”

गेल्या हिवाळ्यात गेला तो. शेवटचे तीन दिवस शुद्ध नव्हती. मी हॉस्पिटलात गेलो आणि उशाशी स्टूल होतं त्यावर बसायला लागलो, तर हा एकदम डोळे न उघडता म्हणाला, “तिथं नको. त्या बसल्यात.” मेव्हणीनं माझ्याकडे बघितलं. मी उभाच राहिलो. जरा वेळानं पुटपुटला, “मध्ये उठायच्या नाहीत त्या.” तेवढंच. पहाटे चारला गेला.

तेराव्या दिवशी मेव्हणीनं पाकीट माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, “भावजी, हे घरात नको.” मी तिला धीर दिला. म्हटलं, तो गेला, आता बाईही उतरल्या असतील. बोलायला काय जातं! घरी येऊन कागद उघडला, म्हटलं दुसरी टिक बघू आणि जाळून टाकू.

दुसरा रकाना कोराच होता. माझ्याच्यानं जाळवेना. माणूस गाडीत असताना यादी जाळायची कशी?

माझ्या खिशात असतो तो. हा बघा. दिव्याखाली धरा. हात लावू नका, मी धरतो. ही रेघ, हे नाव. आणि ही त्यांची टिक. अकरा वर्षांपूर्वीची.

थांबा, लोक यायला लागले वाटतं. उठा, गाड्या लावा. आणि तू तो तुझा कागद फाडून टाक, दुसरा घे. एकेक नाव विचार. सीटांवरून चक्कर मार.

काय? पेन गळतंय माझं? मी कधी शाईचं पेन वापरलेलं नाही रे.

मी फक्त त्या टिकेवर आत्ता बोट ठेवलं होतं. हे बघ, हिरवं झालं.