दोन राउटर आणि बिनतक्रारीचा रविवार

दार उघडं होतं आणि ती टेबलाखाली होती. केसांत जळमट, हातात वायर, आणि वर लॅपटॉपमध्ये अपूर्णांकावर अडकून पडलेली सातवीची सात मुलं. "कंपनीकडून आलोय," असा आवाज आला. ती दचकून उठली आणि टेबलाला डोकं खाडकन आपटलं.

"लागलं?"

"नाही... म्हणजे हो. पण आधी नेट!"

तो खाली बसला. कंपनीचा मॉडेम आणि त्याला जोडलेला नवाकोरा राउटर बघून गालातल्या गालात हसला.

"हा कुणी जोडला?"

"मी. तुमच्या डब्याची रेंज मागच्या खोलीत पोचतच नाही!"

"राउटर चांगलाय. पण दोघंही स्वतःला घरचे मालक समजतात, दोघंही घरातल्या मोबाइल-लॅपटॉपना तेच नेटचे पत्ते वाटत सुटलेत. एका म्यानात दोन तलवारी..."

"मग तुमच्या डब्याने माघार घ्यावी."

"घेतली." त्याने मॉडेमला नुसती लाइन पुढे सोडायचं काम दिलं, आणि कारभार तिच्या राउटरकडे. तो गेला. त्या दिवशी तिने पाऊण आणि अर्धा मिळून सव्वाऐवजी एक सांगितला, आणि सातही मुलांनी तो वहीत उतरवला.

आठवड्याभराने नेट पुन्हा बंद. मॉडेम पुन्हा मालक होऊन बसलेला! तो आला, नीट करून गेला. पुढच्या आठवड्यात परत तेच. हाच तर तिकडून बदलत नसेल? आगाऊ कुठला, असं ती मनात म्हणायची... आणि तो यायच्या आधी कानातली डुलं बदलायची. राग आलाय की आनंद झालाय, तिचं तिलाच कळेना. इकडे मुलांच्या आया कुरकुरायला लागल्या होत्या. आणखी एक तास बुडला की शिकवणी बसलीच. म्हणजे नेट नीट व्हायलाच हवं होतं. पण नीट झालं, की हा कशाला येतोय?

"त्या वायरवाल्याचा पाय निघत नाही आपल्या घरातून," मावशी म्हणाली. "की तुझाच जीव अडकलाय गं त्या डब्यात?"

"काहीतरीच काय, मावशी!"

चौथ्या खेपेला तिने सरळच विचारलं, "खरं सांगा. तुम्ही मुद्दाम बदलता ना?"

तो भांबावला. "मी? मला वाटलं, तुम्हीच मागचं रीसेटचं बटण दाबता... टाचणीने."

"मी कशाला दाबू?"

"तेच... कशाला दाबाल."

त्याने मोबाइलवर मॉडेमची नोंद उघडली. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. "कुणीच नाही. कंपनी अधूनमधून मॉडेममध्ये नवं काहीतरी भरते, तेव्हा तो आपोआप पहिल्यासारखा होतो. खरं तर मी हे आधीच बघायला हवं होतं. पण... बघितलंच नाही."

"म्हणजे तुम्ही नाही?"

"तुम्हीपण नाही?"

दोघांचीही तोंडं एवढीशी झाली. मग त्याचं पडलेलं तोंड बघून तिला फिसकन हसू आलं.

"कायमचा इलाज आहे," तो हळूच म्हणाला. "तुमच्या राउटरने कारभार सोडायचा, नुसती रेंज पसरवायची. मग कंपनीने काहीही भरलं तरी बिघडणार नाही. पण मग..."

"पण मग काय?"

"तक्रार येणार नाही. आणि तक्रारीशिवाय मला इथे कोण पाठवणार?" तो वायरीकडे बघत राहिला. "मला इथे यायला आवडतं. म्हणजे... तुमच्यासाठी."

'तुम्ही' कुठे गळून पडलं, तिलाही कळलं नाही.

"कर कायमचं," ती म्हणाली. "आणि रविवारी, तक्रार नसताना येऊन दाखव."

रविवारी अकरा वाजता बेल वाजली. मावशीने दार उघडलं. गळ्यात ओळखपत्र नाही, खांद्याला हत्यारांची पिशवी नाही. मोकळ्या हातांचं काय करावं, ते त्याला सुचत नव्हतं.

"आता काय बिघडलं?" मावशीने विचारलं.

"काही... काहीच नाही."

मागच्या खोलीतून ती धावत आली. एक डूल कानात होतं, दुसरं अजून हातातच.

"बरं बरं," मावशी म्हणाली, आणि बाजूला सरकून तिने त्याला आत घेतलं.